दोन शर्मिंद्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टोळ निवडणं. दिवेलागणीला क्वार्टरच्या ओट्यावर बसलो होतो. मधे पत्र्याचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. फडक्याच्या कडेनं हात घालून सुंदराबाई एकेक टोळ काढायची, बोटांत धरून बघायची आणि चांगला असला तर दुसऱ्या डब्यात टाकायची. रुईच्या झाडावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे टोळ असतात, ते ती फेकून द्यायची. रुईचा चीक खाऊन वाढलेला टोळ पोटात विष घेऊन फिरतो. मी चष्मा लावूनही एखादा चुकवायचोच.

"हे बघा, रुईचा टाकलाव चांगल्यात. डोळे हायीत का बिब्बे?"

"अंधारलंय गं."

"मग दिवा आणा की. का दिव्याला बी साहेबाचा हुकूम लागतो?"

मी दिवा आणला. तिनं राहिलेले निवडले, राखेनं हात धुतले, आत गेली. झालं. ह्यात सांगण्यासारखं काही नाही. ती माझी बायको होती आणि त्याच रात्री ती गेली, म्हणून सांगितलं.

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गंमती लिहा, असं मला सांगण्यात आलंय. मी थोडं शिकलेला माणूस. तेही उर्दूत, कारण आमच्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, कमठाण्याच्या शाळेत तेच होतं. मराठी वाचायला शिकलो ते पुढं, आमच्या लोकांनी धम्म घेतल्यावर, विहारातली पुस्तकं अक्षराला अक्षर जोडून. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या. गंमती किती निघतील ते मात्र मला माहीत नाही.

बिदरात एका बागेत छोटं प्राणीघर होतं. आता नाही. तिथं मी पिंजरे झाडायला लागलो आणि जनावरं सांभाळता सांभाळता म्हातारा झालो. हरणं होती, मोर होते, एक आंधळं अस्वल होतं. पण बाहेरच्या माणसाला अजिबात ठाऊक नसतं असं जनावर आमच्याकडं एकच होतं, ते म्हणजे शर्मिंदी. दख्खनी बोलणारे तिला शर्मिंदी बिल्ली म्हणतात, कारण दिवसा ती मुंडकं दोन पायांत घालून गोळा होऊन बसते, नव्या नवरीनं तोंड लपवावं तशी. कानडीत काडुपाप म्हणतात, म्हणजे रानातलं लेकरू. मांजर नव्हे आणि लेकरूही नव्हे. माकडाच्या लांबच्या भावकीतलं. शेपूट नाही, हाताला माणसासारखी बोटं, आणि डोळे एवढे मोठे की बाकी चेहऱ्याला जागाच उरत नाही. दिवस मावळला की जागं होतं, उजाडलं की झोपतं.

आता गंमत बघा. नोकरीची वेळ दिवसाची, बाग उघडायची दिवसा, बघणारे यायचे दिवसा. त्यामुळं लोकांना दिसायचा तो केसांचा एक गोळा. औरादकडची एक म्हातारी जाळीला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "आप्पा, मेलंय ते. काढून टाका, वास सुटंल." आणखी एक गृहस्थ दर आठवड्याला यायचे आणि दर आठवड्याला तक्रार करायचे की सरकार झोपलेली जनावरं दाखवून लोकांना फसवायलंय. त्यांना मी म्हणालो, "दिवस मावळल्यावर या, जागी दाखवतो." तर म्हणाले, "त्या वक्ताला आमाला झोप येती."

जनावर बघायला न येणारेही यायचे. शर्मिंदीच्या डोळ्यांत औषध असतं अशी लोकांची समजूत. एक बाप आपल्या पोरीला कडेवर घेऊन आला होता. पोरीच्या डोळ्यात फूल पडलं होतं. शर्मिंदीच्या डोळ्याचं पाणी काढून द्या, म्हणून माझे पाय धरायला लागला. मी तोंडात येईल ते बोललो. सुंदराबाई माझा डबा घेऊन आली होती, तिनं ते ऐकलं. पोरीला आपल्याकडं घेतलं, बापाला म्हणाली, "अण्णा, ते जनावर बी कुणाचं तरी लेकरूच हाय की. त्याच्या डोळ्यात बोट घालून तुमच्या पोरीला दिसंल का?" मग माझ्या डब्यातली अर्धी भाकरी पोरीच्या हातात दिली. बाप रडत गेला. त्या पोरीचं पुढं काय झालं ते कळलं नाही. बागेतलं काम असंच असतं. लोक येतात, आपल्याला काहीतरी दाखवून जातात, आणि पुढचं कळत नाही.

तर आमच्याकडं दोन शर्मिंद्या होत्या. पहिली आली ती एका भविष्यवाल्याकडून. तो खालच्या म्हैसूर भागातून फिरत फिरत आला होता आणि तिच्या हातून पत्ते उचलून लोकांचं नशीब सांगायचा. जंगलखात्यानं ती त्याच्याकडून काढून घेतली. दुसरी आली जत्रेत उतरलेल्या एका खेळवाल्याकडून. त्याच्या तंबूत आफ्रिकेतलं म्हणून आणखी एक असंच रात्रीचं जनावर होतं. त्याला लांब झुपकेदार शेपूट आणि कागदासारखे कान, आणि ते बेडकासारखं या टोकावरून त्या टोकाला उडायचं. आमच्या शर्मिंद्या जन्मात कधी उडत नाहीत, एक हात पक्का धरल्याशिवाय दुसरा सोडत नाहीत. ते आफ्रिकेचं बघून मी हरखलो होतो. पण खेळवाला रातोरात तंबू गुंडाळून गेला आणि मागं ही दुसरी शर्मिंदी तेवढी सोडून गेला, कारण ती चावायची.

बागेच्या साहेबांनी दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. वर एकच पाटी होती, शर्मिंदी. पहिली मादी, दुसरा नर, म्हणजे झालं जोडपं. साहेबांनाच कशाला बोल लावू, आम्हालाही तसंच वाटलं. जुनी होती ती काडीसारखी. हातपाय पेन्सिलीएवढे, पाठीचे मणके मोजून घ्यावेत. आणि नवा आलेला हा असा गरगरीत, गळ्याला वळी, अंगावर कोकरासारखी दाट लोकर. आम्ही त्याला जाड्या म्हणायला लागलो.

माझ्याबरोबर चाँदसाब होता, हरणांकडं असायचा. तो जाळीपुढं उभा राहून म्हणाला, "देखो मियाँ, शौहर खा-खा के कुप्पा, बीबी सूख के काँटा. पूरे बिदर का यही हाल है."

हे बागेत पसरलं. बघणाऱ्या बाया आपापल्या नवऱ्यांना कोपर मारून दाखवायला लागल्या. मी तसा अंगानं भरलेला आणि सुंदराबाई बारीक, म्हणून आमच्यावरही विनोद झाले. तीही हसायची. पण एक दिवस जाळीपाशी बसून ती म्हणाली, "आवं, ही दोघं नवरा-बायको न्हाईत."

"कामून?"

"ती त्याच्याकडं ढुंकून बघत न्हाई. तो बी तिच्याकडं बघत न्हाई."

"मग तर नवरा-बायकोच हायीत," मी म्हणालो.

सगळ्यांना वाटलं जाड्या तिचं खाऊन टाकतो आणि ती उपाशी राहते. म्हणून आम्ही तिला वेगळं चारायला लागलो. केळं, दूधभात, गूळ, कुणी आणली तर खीर. तिनं आधी तोंड फिरवलं, मग भुकेपोटी चाटलं, आणि तिला हगवण लागली. केस गळाले. आम्ही म्हणायचो, किती चारलं तरी हिच्या अंगी लागत नाही. आणि आणखी चारायचो. जाड्याही आमच्यावर खूश नव्हता. एकदा मी पिंजऱ्यात हात घातला तर त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन नागासारखा फणा केला, कोपराच्या आत चाटलं आणि माझ्या अंगठ्याला चावला. हात खांद्यापर्यंत सुजला. चाँदसाब विचारतोय, "साँप था क्या?" मी म्हणतोय, शर्मिंदीचा नवरा होता.

त्याच सुमाराला बदली होऊन नवे जनावरांचे डॉक्टर आले. कानडी माणूस, धारवाडकडचा, बोलायला मऊ. त्यांनी दोघांना आळीपाळीनं टॉवेलात धरलं, उलटंपालटं करून बघितलं आणि हसायला लागले. "एनप्पा, इदु गंड-हेंडती अल्ला." म्हणजे, अरे बाबा, हे नवरा-बायको नव्हेत.

मग त्यांनी मला समजावलं. त्यांची मराठी मोडकी, माझी कानडी मोडकी, पण समजलं. ह्या दोन जातीच निराळ्या. जाड्या पार आसामच्या बाजूचा. त्याच्या पाठीवरून काळा पट्टा, कान केसांत बुडालेले, नाक आखूड. ही आपल्या दख्खनची. कान बाहेर, नाक निमुळतं, दोन डोळ्यांच्या मधून पांढरी रेघ. त्याला झाडाचा डिंक लागतो, खालच्या दातांनी साल खरवडून तो डिंक काढतो, वर थोडं फळ. हिला किडा लागतो, तोही जिवंत. केळं-दूध तिच्या आतड्याला झेपत नाही. त्याच्या कोपरात तेल सुटतं, ते चाटून चावला की जहर होतं. त्याची चाल एवढी हळू की बघणारा कंटाळतो. हीही हळू, पण भ्याली की भिंतीवरच्या पालीसारखी सटकते. दोघांत सारखं काय, तर रात्र.

"आणि ही एवढी वाळलीय ती?" मी विचारलं.

"वाळली नाही रे. जातच बारीक."

त्या दिवसापासून पिंजऱ्यात मधे फळी ठोकली. जाड्याला बाभळीचा डिंक आणि हिला टोळ. दिवस मावळल्यावर बघायला कंदिलाला लाल कागद लावला, लाल उजेडात ती दबत नाहीत. टोळांचं काम माझं होतं, पण ते सुंदराबाईनं कधी उचललं ते मला कळलंही नाही. संध्याकाळी ती मैलूरच्या बाजूनं शेतांच्या बांधांवर फिरायची, ओढणीच्या कापडाची जाळी करून. हळूहळू शर्मिंदीच्या अंगावर केस आले. टोळ दिसला की ती डोळे गच्च मिटायची, दोन्ही हातांनी झडप घालायची आणि डोक्या-पायांसकट चावून खायची. पुन्हा उघडले की डोळे दिव्यासारखे. वजन म्हणाल तर वाढलं नाही. बारीकच राहिली. पण ठणठणीत.

ही गोष्ट मी मग शेकडो लोकांना सांगितली. जो येईल तो म्हणायचा, हिला उपाशी ठेवता काय? मी सांगायचो, ही उपाशी नाही, ही जातच बारीक. मला त्या सांगण्याचा अभिमान होता. माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढी एकच गोष्ट पक्की समजली होती.

पुढं तुरीवर फवारे मारायला लागले. बांधावर टोळ मिळेनात. मिळाले तर फवारलेल्या रानातले, ते घ्यायची सोय नाही. सुंदराबाई लांब लांब जायला लागली, कमठाण्याच्या वाटेला, जिथं माळ पडीक होता तिथपर्यंत. परत आली की ओट्यावर टेकायची. मी विचारायचो तर हातानं थांबा म्हणायची. बांगड्या मनगटातून कोपराकडं घसरायच्या. झंपर आत घेऊन शिवलं, पुन्हा आत घेतलं.

"कामून वाळायलीस गं? दवाखान्यात दाखवू."

"मी कशाला वाळू? मी तुमच्या शर्मिंदीच्या जातीची हाय. आन् तुमी त्या जाड्याच्या." असं म्हणून हसली. हसताना खोकला आला.

हे ऐकून मी हसलो. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी चाँदसाबला सांगितलं, तोही हसला. मला ते पटलं हो. बारीक दिसणाऱ्याला आजारी समजून मी एक जनावर जवळजवळ मारलं होतं. ती चूक पुन्हा करायची नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, ती पुन्हा पुन्हा तेच बोलली, आणि त्या बोलण्यावर आमचं भागायचं. लेक उदगीरला दिलेली. ती सणाला आली की म्हणायची, "आई, किती खराब झालीस." तर तिलाही हेच उत्तर. लेक चिडायची, "आप्पा, तुमी तरी बोला की." मी म्हणायचो, तिची अंगकाठीच तशी.

आता बसून विचार करतो. शर्मिंदी बारीक असली तरी ठणठणीत आहे, हे मला कशावरून कळायचं? केसांची चमक बघायचो. खाण्यावर झडप घालते का बघायचो. जागायच्या वेळी जागी असते का, का कोपऱ्यात पडून राहते, ते बघायचो. रोज बघायचो, त्याचा पगार होता. सुंदराबाईचे केस गळत होते. ताटात अर्धी भाकरी ठेवून ती उठायची. भर दिवसा भिंतीला टेकून झोपायची, जी बाई सगळ्या जन्मात दिवसा झोपली नाही. हे सगळं माझ्यासमोर झालं. पण बायकोला कोण असं निरखून बघतो? बायकोकडं माणूस नुसता बघतो.

ती गेल्यावर शर्मिंदी पुष्कळ जगली. ते मला सहन झालं नाही. मी तिला टोळ द्यायचो, ती डोळे मिटून खायची, आणि मला तिचा राग यायचा. तू कशाला जगलीस, असं मी तिला तोंडावर विचारलंय. जनावराला काय, ते खात राहिलं. मग जाड्या मेला, मग तीही मेली, मग पिंजरे भंगारात गेले. मी ओळखीच्यांना म्हणतो, बरं झालं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

त्या संध्याकाळी टोळ निवडून ती आत गेली. भाकरी केली नाही, सकाळचीच खाऊ म्हणाली. मी शर्मिंदीला चारून परत आलो तर ती अंथरुणावर बसून होती, पाठीला उशी लावून, कारण आडवं पडलं की दम लागत होता.

"आवं."

"काय?"

"उद्या सकाळी मला दवाखान्यात नेताव का?"

इतक्या वर्षांत तिनं आपणहून कधी म्हटलं नव्हतं. मी घाबरलो, पण दाखवलं नाही. "नेतो की. लवकर निघू, तिथं रांग असती."

"रांगेत तुमी उभारा. मला उभं राहवत न्हाई."

"व्हय. तू बाकावर बस, मी रांग धरतो."

"साहेबाला इचारावं लागंल की तुमाला."

"साहेब गेला खड्ड्यात."

ती बरं म्हणाली. मग दिवा बारीक करायला सांगितलं. पहाटे मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती तशीच उशीला टेकून होती आणि तिचा हात गार होता.

उजाडलं तशी गल्ली जमली. कुणीतरी उदगीरच्या गाडीनं लेकीकडं निरोप धाडला. कुणी विहारात गेलं. बायांनी चुलीवर पाणी ठेवलं आणि गडीमाणसांना बाहेर बसवलं. मी ओट्यावर बसलो. चाँदसाब माझ्या शेजारी होता. आतून बाया एकमेकींत बोलत होत्या ते ऐकू येत होतं. एक म्हणाली, "अक्का, एकलीलाच उचलता आली की गं. काय राहिलं होतं बाईच्या अंगात."

मी उठलो. चाँदसाबला वाटलं मी परसाकडं चाललो. मी चप्पल घातली आणि सरकारी दवाखान्याकडं चालायला लागलो. रांग लांब होती. मी शेवटी उभा राहिलो. माझ्या पुढं एक बाई होती, नातवाला घेऊन आलेली. तिनं वळून विचारलं, "कुणाला दाखवायचंय अण्णा?"

"बायकोला."

"कुठं हायीत?"

"तिला उभं राहवत न्हाई."

"व्हय बाबा," ती म्हणाली आणि पुढं सरकली. मीही सरकलो. ऊन जाळीतून आत आलं. खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतल्या माणसानं मान वर न करता पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं. काय होतंय म्हणून विचारलं. वाळायलीय, मी म्हणालो, लई दिसापासून वाळायलीय, आणि पडलं की दम लागतो. तो म्हणाला, बाकावर बसा, बोलावतील.

मी बाकावर बसलो. शेजारी जागा ठेवून बसलो. माझ्या अगोदरची माणसं एकेक करून आत गेली आणि बाहेर आली. मग दारातून एका नर्सबाईनं डोकं बाहेर काढून पुकारलं, "सुंदराबाई! सुंदराबाई कोण?"

मी उठून उभा राहिलो.